लाटा फुटत नाहीत तिथं का उतरायचं नाही? (वाचक विचारतात, समुद्र विशेष)

मागच्या अंकात सहज लिहून गेलो की समुद्राबद्दल काही विचारायचं असेल तर विचारा, आणि पत्रं नि मेसेज एवढे आले की टेबलावर कोपर टेकायला जागा उरली नाही. निम्म्याहून जास्त लोकांनी एकच विचारलंय, पाणी माणसाला ओढून नेतं ते कसं. म्हणून सुरुवात तिथूनच करतो, आणि ते उत्तर लांबणार आहे हे आधीच सांगून ठेवतो.

प्रश्न : काका, मला चांगलं पोहता येतं, क्लबच्या तलावात रोज ४० लॅप मारतो. तरी सुट्टीत बीचवर कमरेएवढ्या पाण्यात उभा असताना कळायच्या आत पाय सुटले आणि आत गेलो, नशीब एकाने बघितलं. मित्र म्हणतो की खालून करंट असतो, तो माणसाला तळाशी ओढतो. खरंय का?

अर्धं खरंय, आणि उरलेल्या अर्ध्या खोट्यापायीच माणसं जातात. तळाशी ओढणारं तिथं काही नसतं, बाहेर नेणारं असतं. लाटा एकामागून एक पाणी आणून किनाऱ्यावर टाकत राहतात, ते पाणी परत जाणारच ना, मग ते वाट शोधतं. किनाऱ्यापासून थोडं आत पाण्याखाली वाळूचा दांडा असतो, त्याला कुठंतरी खिंड पडलेली असते, तिथनं ते सगळं पाणी एकदम समुद्राकडे धावतं. हा रिप करंट. बहुतेकदा दहा-वीस-तीस मीटर रुंद, वेग साधारण सेकंदाला अर्धा मीटर, पण जोरात असला तर अडीच मीटरपर्यंत जातो. ऑलिम्पिकमधला पन्नास मीटरवाला जीव तोडून पोहतो तो साधारण ह्याच वेगानं, आणि तेही वीस-बावीस सेकंदच. तुमचे ४० लॅप इथं काय कामाचे?

आता खरी गोम ऐका. खिंडीत पाणी खोल असतं, म्हणून तिथं लाट फुटत नाही. दोन्ही बाजूंना पांढरा फेस, धुमाकूळ, आणि मधे एक छान गडद, सपाट पट्टा. आपण काय करतो, पोरांना घेऊन नेमकं त्या पट्ट्यात उतरतो, कारण तिथं “पाणी शांत आहे”.

मीही तेच केलं होतं, बावीसेक वर्षांचा असेन. चांगली शांत जागा हेरली म्हणून स्वतःवर खूश होतो. मग बघतो तर वाळूवर पसरलेला माझा पिवळा टॉवेल पोस्टाच्या तिकिटाएवढा दिसायला लागलेला. किनाऱ्याकडे तोंड करून हात मारायला सुरुवात केली, दोनेक मिनिटं मारले असतील, मान वर करून बघितलं तर तिकीट अजून लहान. पोटात गोळा आला तो तेव्हा. शेवटी दंडात गोळे आले म्हणून हात सोडून नुसता पाठीवर पडलो, ह्यात अक्कल-बिक्कल काही नव्हती, दम संपला होता एवढंच. आणि तेच बरोबर निघालं, कारण लाटा फुटायची रेघ ओलांडली की रिपचा जोर संपतो, तो काही तुम्हाला क्षितिजापर्यंत नेत नाही. पडल्या पडल्या एका बाजूला सरकत गेलो, तिकडं लाटा फुटत होत्या, त्यांनीच ढकलत ढकलत वाळूवर आणून टाकलं, टॉवेलपासून पार लांब. नाकातोंडात वाळू आणि एका पायाच्या अंगठ्याचं नख गायब.

म्हणून सांगतो, ओढ लागली की किनाऱ्याच्या दिशेनं पोहायचं नाही. तरंगत रहायचं, हात वर करून ओरडायचं, आणि अंगात ताकद असेल तर आडवं, म्हणजे किनाऱ्याला समांतर, जिकडं लाटा फुटतायत तिकडं सरकायचं. काही रिप गोल फिरून आपणच किनाऱ्याकडे आणून सोडतात, काही नाही सोडत, त्यामुळे नुसत्या भरवशावरही राहू नका. दुसरा कुणी अडकलेला दिसला तर लगेच उडी मारू नका, तरंगणारं काहीही फेका, रिकामा कॅन, बॉल, बर्फाचा डबा, जे हाताला लागेल ते. वाचवायला गेलेला बुडतो आणि अडकलेला बाहेर येतो असं पुष्कळदा झालंय.

६ फेब्रुवारी १९३८ ला सिडनीच्या बाँडाय बीचवर, रविवार, तुफान गर्दी, शेकडो लोक असेच वाळूच्या दांड्यावर कमरेएवढ्या पाण्यात निवांत उभे होते. एकामागून एक मोठ्या लाटा आल्या आणि त्यांचं परतीचं पाणी माणसांना दांड्यावरून उचलून खोलात घेऊन गेलं. अडीचशेच्या आसपास लोकांना बाहेर काढावं लागलं, पाच गेले. फक्त पाच, कारण त्या वेळी योगायोगानं लाइफसेव्हर मंडळी मोठ्या संख्येनं बीचवर हजर होती. पोहता सगळ्यांनाच येत नसणार, पण मुद्दा तो नाहीच, उभं राहायची जागा पायाखालून गेली हा आहे.

प्रश्न : बीचवर उतरायच्या आधी नेमकं काय बघायचं? आम्ही दोन लहान मुलांना घेऊन जाणार आहोत.

ताई, गाडीतून उतरल्या उतरल्या पाण्यात जायचं नाही, आधी उंचावर उभं राहून दहा मिनिटं नुसतं बघत बसा. मुलं कटकट करतील, करू दे. फेस किंवा काडीकचरा कुठं बाहेर वाहत जातोय का, कुठल्या पट्ट्यात लाट फुटत नाहीये, पाणी कुठं गढूळ दिसतंय. अर्धं लाल अर्धं पिवळं असे दोन झेंडे लावलेले असतील तर त्यांच्या मधेच पोहायचं, नुसता लाल असेल तर पाण्यात जायचंच नाही, हे जवळजवळ जगभर सारखंच आहे. ढगांचा गडगडाट ऐकू आला की बाहेर, आकाश डोक्यावर निळं असलं तरी. आणि ओहोटीला पाणी उथळ म्हणून सेफ असं धरून चालू नका, दांडे उघडे पडायला लागले की खिंडीतला ओघ उलट वाढतो. मुलांच्या हाताला फ्लोट असेल तरी हाताच्या अंतरावरच रहा, फ्लोट त्यांना तरंगवतो, जागेवर धरून ठेवत नाही.

प्रश्न : आकाश स्वच्छ, वारा नाही, हवामान खात्याचं वादळ-बिदळ काही नाही, आणि तरी एका दिवशी लाटा घरांपर्यंत आल्या. हे कसं काय?

वादळ होतं की, तुमच्याकडे नव्हतं एवढंच. हजारो किलोमीटर लांब कुठंतरी दोन-तीन दिवस वारा पाण्याला घुसळत बसलेला असतो, तिथनं ज्या लाटा निघतात त्या वारा थांबला तरी चालत राहतात. खोल समुद्रात लांब लाटांना जवळजवळ कुणी अडवत नाही. गंमत अशी की दोन लाटांमधलं अंतर जेवढं जास्त तेवढा त्यांचा वेग जास्त. २० सेकंदांनी येणाऱ्या लाटांचा जथा ताशी साधारण ५६ किलोमीटरनं सरकतो, म्हणजे दिवसाला तेराशे किलोमीटर, आणि १० सेकंदवाल्यांचा त्याच्या निम्म्यानं. म्हणून लांबच्या वादळाचा निरोप आधी ह्या लांबलचक, आळसट दिसणाऱ्या लाटा घेऊन येतात. किनाऱ्यावर उभं राहून घड्याळ लावून मोजा, आज १८ सेकंद, उद्या १५, परवा १२ असं होत गेलं तर समजायचं लांब कुठंतरी झालेल्या वादळाचा हिशेब आता चुकता होतोय.

वॉल्टर मुंक नावाच्या समुद्रशास्त्रज्ञानं १९६३ मध्ये न्यूझीलंडपासून अलास्कापर्यंत वाटेवर ठिकठिकाणी यंत्रं लावून हेच मोजलं. दक्षिणेकडच्या, अंटार्क्टिकाच्या बाजूच्या वादळात जन्मलेल्या लाटा त्यानं विषुववृत्त ओलांडून पार अलास्कापर्यंत जाताना पकडल्या. त्याच माणसानं तरुणपणी दुसऱ्या महायुद्धात सैन्य किनाऱ्यावर कधी उतरवता येईल ह्यासाठी लाटांचे अंदाज काढायची पद्धत बसवायला मदत केली होती. आज सर्फिंगवाली पोरं मोबाइलवर आठवडाभर आधी लाटा बघून सुट्ट्या टाकतात ना, त्यांनी एकदा मुंकचं नाव घ्यायला हरकत नाही.

केरळच्या मच्छीमारांकडे ह्या प्रकाराला झकास शब्द आहे, ‘कळ्ळक्कडल’, म्हणजे चोर समुद्र. न सांगता येतो म्हणून चोर. आणि ह्यात भर म्हणून अमावास्या-पौर्णिमेचं उधाण असेल तर पाणी घरात शिरायला वाऱ्याची झुळूकसुद्धा लागत नाही.

प्रश्न : दर सातवी लाट मोठी असते का?

नाही. मोठ्या लाटा घोळक्यानं येतात हे खरं, कारण वेगवेगळ्या लाटा एकमेकींवर चढतात-उतरतात, पण घोळका कधी पाचाचा कधी बाराचा. सात मोजून खडकावर फोटोला उभे राहणारे मी बघितलेत. नका उभे राहू.

प्रश्न : वादळाच्या बातम्यांत सतत वाऱ्याचा स्पीड सांगतात. आमचं घर पक्कं आरसीसीचं आहे, मग आम्ही का निघायचं?

कारण वाऱ्यापासून लपता येतं, पाण्यापासून पळावं लागतं. हे वाक्य चक्रीवादळाच्या कामातली माणसं फार वर्षांपासून सांगतायत आणि आपण फार वर्षांपासून ऐकून सोडून देतोय.

वादळ समुद्राचं पाणी पुढं रेटत आणतं, त्याला स्टॉर्म सर्ज म्हणतात. थोडा वाटा हवेच्या दाबाचा, दाब एक मिलिबारनं उतरला की पाणी साधारण एक सेंटिमीटर वर येतं, म्हणजे अगदी भयानक वादळातही ह्यानं साधारण मीटरभर. बाकी सगळं वाऱ्याचं रेटणं, आणि किनाऱ्यासमोरचा समुद्र जेवढा उथळ तेवढं ते पाणी जास्त चढतं, कारण त्याला खालून परत जायला वाव नसतो. त्यात भरतीची वेळ गाठली की संपलं. एक मीटर लांब, एक मीटर रुंद, एक मीटर उंच एवढंच पाणी टनापेक्षा जड असतं हे लक्षात घ्या, आणि ते मोकळं येत नाही, दारं, ओंडके, गाड्या घेऊन येतं. आरसीसी उभं राहीलही, तळमजल्यावरचे तुम्ही कुठं जाणार?

१२ नोव्हेंबर १९७० च्या रात्री भोला चक्रीवादळात, तेव्हाचं पूर्व पाकिस्तान, हेच झालं. उथळ उपसागर, निमुळता किनारा, भरतीची वेळ. तीन ते पाच लाख माणसं गेली असं धरतात, आकडा पक्का करायला गावंच उरली नाहीत. वादळ येतंय हे बऱ्याच जणांच्या कानावर गेलं होतं, पाणी किती चढणार हे कुणी समजेल असं सांगितलं नव्हतं. नंतर बांगलादेशानं उंच खांबांवर निवारे बांधले, गावोगाव भोंगे घेऊन फिरणारे स्वयंसेवक उभे केले, आणि २००७ च्या सिडर वादळात, तेही राक्षसीच होतं, मेलेल्यांचा आकडा साडेतीन हजारांच्या आसपास राहिला. साडेतीन हजार म्हणजे कमी नाहीत. पण शेजारी १९७० ठेवून बघा.

दुसरं उदाहरण गॅल्व्हेस्टनचं, टेक्सासच्या किनाऱ्यालगतच्या वाळूच्या बेटावर वसलेलं श्रीमंत बंदर. शहराची सगळ्यात उंच जागा समुद्रापासून ९ फुटांच्याही आत. बांध घालू या असं काही लोक म्हणत होते, तर तिथला हवामान अधिकारी आयझॅक क्लाइन ह्यानं १८९१ मध्ये पेपरात लेख लिहिला की गॅल्व्हेस्टनला वादळानं मोठा धोका होईल ही कल्पनाच खुळी आहे. वर किनाऱ्यावरच्या वाळूच्या टेकड्या कापून सखल भागात भराव घातला होता, म्हणजे जी काय नैसर्गिक भिंत होती तीपण गेली. ८ सप्टेंबर १९०० ला पाणी १५ फुटांवर चढलं. साधारण आठ हजार माणसं गेली, अमेरिकेत नैसर्गिक आपत्तीत एवढी कधीच नाहीत. क्लाइनची बायको त्याच पुरात गेली. त्याला शिव्या घालणं सोपं आहे, मला ते जमत नाही, कारण त्यानं हाताशी होती तेवढ्या वर्षांची माहिती बघून लिहिलं होतं आणि समुद्राच्या दृष्टीनं तेवढी वर्षं म्हणजे काहीच नव्हे.

पण पुढचं ऐका. त्या शहरानं १७ फूट उंच समुद्री भिंत बांधली, आणि तेवढ्यावर न थांबता शहरच वर उचललं. खरंच उचललं. घरं जॅकवर चढवायची, समुद्रतळातून उपसलेली वाळू-पाण्याची लापशी पाइपनं घराखाली सोडायची, पाणी निथळून गेलं की वाळू खाली राहते. दोन हजारांवर इमारती अशा वर घेतल्या. तीन हजार टनांचं एक चर्च शेकडो जॅक लावून इंच इंच चढवत होते आणि आत प्रार्थना चालू. कित्येक वर्षं लोक लाकडी फळ्यांच्या पुलांवरून बाजाराला जात होते. १९१५ ला पुन्हा तसंच तगडं वादळ आलं तेव्हा शहर राहिलं.

प्रश्न : वादळाची आधी सूचना द्यायची हे पहिल्यांदा कुणाच्या डोक्यात आलं?

एकाच्याच असं नाही, पण दोघांची नावं घेतो. पहिला हेन्री पिडिंग्टन, कलकत्त्यात नोकरीला. बुडालेल्या-वाचलेल्या जहाजांच्या नोंदवह्या गोळा करून त्यानं ताडलं की ही वादळं सरळ वाहत नाहीत, गोल फिरतात, म्हणून सापाच्या वेटोळ्यावरून त्यानं ग्रीकमधला शब्द उचलून ‘सायक्लोन’ हे नाव दिलं. आज आपण सगळे तो शब्द वापरतो, त्याला कोण ओळखतं? कलकत्त्याला पर्याय म्हणून मातला नदीवर नवीन बंदर काढायचं ठरलं तेव्हा, १८५३ मध्ये, त्यानं गव्हर्नर जनरल डलहौसीला उघड पत्र लिहिलं की इथं नको, एक दिवस चक्रीवादळ पाणी घेऊन येईल आणि सगळं धुऊन नेईल. ऐकलं नाही. पोर्ट कॅनिंग उभं राहिलं आणि नोव्हेंबर १८६७ च्या वादळात मोडलं. पिडिंग्टन तोवर वारला होता, त्यामुळे “बघा, मी सांगत होतो” म्हणायलाही तो नव्हता.

दुसरा रॉबर्ट फिट्झरॉय, डार्विनला घेऊन गेलेल्या बीगल जहाजाचा कप्तान. ऑक्टोबर १८५९ मध्ये ऑस्ट्रेलियाहून सोनं कमवून परतणाऱ्या लोकांचं ‘रॉयल चार्टर’ जहाज वेल्सच्या किनाऱ्यावर, घर हाकेच्या अंतरावर आलेलं असताना, खडकांवर फुटलं. साडेचारशेच्या आसपास माणसं गेली. फिट्झरॉयनं मग तारयंत्रानं ठिकठिकाणची हवा मागवायला सुरुवात केली आणि १८६१ पासून बंदरांवर काठीला शंकू नि ढोल टांगून वादळाची खूण द्यायची पद्धत काढली. ‘फोरकास्ट’ हा शब्द हवामानाला त्यानंच लावला. अंदाज चुकले की पेपरवाले टर उडवायचे, शास्त्रज्ञ नाकं मुरडायचे, जहाजमालक बोटी बंदरात अडकतात म्हणून वैतागायचे. १८६५ ला त्यानं आत्महत्या केली. त्यानंतर एका समितीनं ह्या सूचना बंद केल्या, तर ओरड कुणी केली? बोटीवर जाणाऱ्या लोकांनी. वर्षभरात परत सुरू कराव्या लागल्या.

प्रश्न : वादळांना माणसांची नावं का देतात?

रेडिओवर अक्षांश-रेखांश वाचत बसण्यापेक्षा नाव पटकन कळतं, दोन वादळं एकदम असली तर गोंधळ होत नाही. ऑस्ट्रेलियातल्या क्लेमंट रॅग ह्या हवामानवाल्यानं एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी नावं द्यायला सुरुवात केली, आणि न आवडणाऱ्या पुढाऱ्यांची नावं वादळांना द्यायचा, म्हणजे अमुक साहेब सध्या भरकटलेत असं अधिकृतपणे लिहिता यायचं! अमेरिकेनं १९५३ पासून बायकांची नावं दिली, बायकांनी रास्त भांडण काढल्यावर अटलांटिकमध्ये १९७९ पासून पुरुषही आले. आपल्या उत्तर हिंदी महासागरात २००४ पासून देश आळीपाळीनं नावं देतात, सध्या १३ देशांची प्रत्येकी १३ अशी १६९ नावांची यादी चालू आहे.

प्रश्न : सर, दीपगृह एवढं भक्कम बांधतात, मग ते सरकवायची वेळ का येते? कुठंतरी दीपगृह चाकांवर नेल्याचं वाचलं.

चाकांवर नाही, रुळांवर. अमेरिकेतलं केप हॅटरस. १८७० ला बांधलं तेव्हा पाण्यापासून पंधराशे फूट लांब होतं, समुद्र खात खात शेवटी सव्वाशे फुटांच्या आत आला. १९९९ मध्ये ४८०० टनांचा तो विटांचा मनोरा मुळापासून कापून, जॅकवर घेऊन, २३ दिवसांत २९०० फूट मागे नेला. दिवा फुटला नाही की भिंतीला तडा गेला नाही.

मनोरा भक्कमच असतो, खालची वाळू कधीच आपल्या नावावर नसते. वादळी लाटा वाळू ओढून आतल्या दांड्यावर नेऊन ठेवतात, शांत हंगामातल्या लाटा तीच हळूहळू परत आणतात, वर्षाचं हे येणं-जाणं चालूच असतं. शिवाय वाळू किनाऱ्याकिनाऱ्यानंही चालते. तुम्ही मधेच दगडी धक्का घातला की अलीकडे वाळू साठते आणि पलीकडचा बीच उपाशी मरतो. भिंत बांधली तर भिंतीमागचं वाचतं पण भिंतीपुढची पुळण जाते, गॅल्व्हेस्टनच्या लोकांनाही हे भोगावं लागलं. डच लोकांनी २०११ ला वेगळाच डाव टाकला, एकाच जागी २ कोटी १५ लाख घनमीटर वाळू ओतून ठेवली आणि लाटांना म्हणाले, वाटा तुम्हीच. मला ही आयडिया जाम आवडते.

दीपगृहांचा विषय निघालाच आहे तर इंग्लंडच्या एडिस्टन खडकाचं सांगितल्याशिवाय राहवत नाही. हेन्री विन्स्टन्लीनं १६९८ ला तिथं पहिला मनोरा उभारला, आणि म्हणायचा की आजवरच्या सगळ्यात मोठ्या वादळात मला आत बसून बघायचंय. नोव्हेंबर १७०३ च्या महावादळाच्या रात्री तो आतच होता. सकाळी खडकावर काही नव्हतं. पुढचा लाकडी मनोरा १७५५ ला जळाला, विझवायला वर बघत पाणी फेकणाऱ्या ९४ वर्षांच्या रखवालदाराच्या घशात छताचं वितळलेलं शिसं गेलं, तो म्हणतोय ते डॉक्टरांना पटेना, बारा दिवसांनी वारला तेव्हा पोटातून शिशाचा गोळा निघाला. तो आजही एडिंबराच्या म्युझियममध्ये ठेवलाय. मग जॉन स्मीटननं १७५९ ला ओकच्या बुंध्यासारखा खाली रुंद वर निमुळता दगडी मनोरा बांधला, प्रत्येक दगड शेजारच्या दगडात खाच मारून अडकवलेला, चुना असा की पाण्यातही घट्ट होतो. तो सव्वाशे वर्षं हलला नाही. खालचा खडकच झिजून हलायला लागला. शेवटी वरचा भाग उतरवून प्लिमथला नेऊन परत रचला, बुंधा अजून समुद्रात उभा आहे.

प्रश्न : पूर्वी लोक मजेसाठी बीचवर जायचे का? आजी म्हणते समुद्रावर फिरायला जायचं खूळ नवीन आहे.

आजीचं बरोबर आहे. किनाऱ्यावर राहणाऱ्याला समुद्र म्हणजे काम आणि भीती. युरोपात हौसेनं जायला लागले तेही आधी औषध म्हणून. रिचर्ड रसेल नावाच्या इंग्लिश डॉक्टरनं १७५० ला पुस्तक काढलं की समुद्रस्नान गाठींच्या रोगांवर उत्तम, आणि नुसतं स्नान नाही, पाणी प्यायचंही! लोक प्यायले. ब्रायटन ह्या किनाऱ्यावरच्या गावाचं नशीब फळफळलं. चाकांच्या लाकडी खोलीत बसायचं, घोडा ती पाण्यात ओढून नेणार, आत कपडे बदलायचे, पायरीवरून उतरलं की धट्ट्याकट्ट्या बायका धरून पाण्यात बुचकळणार. १७८९ ला राजा तिसरा जॉर्ज वेमथला असा डुबकी मारायला उतरला, तर शेजारच्या खोलीत लपलेल्या बँडनं राष्ट्रगीत सुरू केलं. विचार करा, नाकात खारं पाणी आणि बाहेर ट्रम्पेट.

सिडनीकडे तर दिवसाउजेडी समुद्रात पोहायला कायद्यानंच बंदी होती. १९०२ मध्ये मॅनलीतल्या विल्यम गोचर ह्या पेपरवाल्यानं आधी छापून जाहीर केलं की मी भरदुपारी पोहणार, काय करायचं ते करा. पुढच्या वर्षी बंदी उठली, गर्दी झाली, माणसं बुडायला लागली, आणि मग १९०७ च्या आसपास तिथं जीव वाचवणाऱ्यांचे क्लब निघाले. म्हणजे लाइफगार्ड हे मजेचं पिल्लू आहे. हवाईचा ड्यूक कहानामोकू, ऑलिम्पिकचा सोनेरी जलतरणपटू, त्यानं १९१४-१५ च्या हंगामात सिडनीत सर्फबोर्डवर उभं राहून दाखवलं. दहा वर्षांनी, १९२५ ला, कॅलिफोर्नियात डोळ्यांसमोर एक बोट उलटली तेव्हा सर्फबोर्ड घेऊन फेऱ्या मारत त्यानं एकट्यानं आठ जण बाहेर आणले. आज लाइफगार्ड बोर्ड का बाळगतात ते विचारायला नको.

प्रश्न : वादळाचा वारा एकदम थांबला, ऊन पडलं. बाहेर पडायचं का?

नाही! मध्यभाग डोक्यावर आला असेल, ज्याला डोळा म्हणतात. काही मिनिटं ते तासभर छान वाटेल, मग वारा उलट्या दिशेनं येईल आणि सैल झालेले पत्रे तेव्हाच उडतील. रेडिओवर सांगेपर्यंत आतच. आणि वादळ गेल्यावरही दोन-चार दिवस पाण्यात नाही, दांडे मोडून नव्या खिंडी पडलेल्या असतात, कालचा ओळखीचा बीच आज ओळखीचा नसतो.

प्रश्न : मी चौथीत आहे. शंख कानाला लावला की समुद्राचा आवाज येतो तो कुठून येतो?

बाळा, तो समुद्राचा नसतो, तुझ्या खोलीचाच असतो. पंखा, रस्ता, शेजारचं बोलणं हे सगळं बारीक बारीक आवाज शंखाच्या पोकळीत घुमतात आणि मिसळून गाज ऐकू येते. रिकामा पेला कानाला लावून बघ, तसाच येईल. मग पेला थोडा लांब धर, थोडा जवळ, आवाज बदलतो का ते ऐक आणि मला लिहून पाठव, पुढच्या अंकात छापू.